फोडणी, हजेरीपट आणि अक्षरजुळणी

गेले चारेक महिने संध्याकाळी घरी आलं की माझं एकच काम चालू आहे. बायको त्याला "आण्णांची वही" म्हणते, मुलगा "बाबांचं ते कंसांचं" म्हणतो. खरं नाव अक्षरजुळणी. पुस्तकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर, मुद्रक-प्रकाशकाच्या खाली, बारीक टायपात एक शब्द असतो ना, तोच. इतकी वर्षं पुस्तकं वाचली पण त्या शब्दावर नजर कधी थांबली नाही. आता कुठलंही पुस्तक हातात आलं की आधी तेच पान उघडतो.

औशाच्या मंडळींना यातलं बरंचसं माहीत आहे, त्यांनी पुढचे दोन-तीन परिच्छेद सोडले तरी चालेल. बाकीच्यांसाठी सांगतो. आण्णा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. ३४ वर्षं नोकरी, सगळी औसा तालुक्यात. ते नोकरीला लागले तेव्हा आमचा जिल्हा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) होता, १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा वेगळा झाला. आण्णा म्हणतात, "माझी बदली कधी जिल्ह्याबाहेर झाली नाही, जिल्ह्याचीच झाली." १९९८ साली निवृत्त झाले आणि लिहायला बसले. दोनशे पानी दोन वह्या, निळी शाई, समास सोडून, मास्तरी अक्षर. पहिली नेमणूक, बैलगाडीतून आलेली पाठ्यपुस्तकं, दुष्काळातली शाळा, सुगडी आणि रोजगार हमी, तपासणीला आलेले साहेब, सगळं त्यात आहे. आणि एक प्रकरण ३० सप्टेंबर १९९३ चं.

किल्लारी आमच्याच तालुक्यात. भूकंप झाला तेव्हा आण्णा किल्लारीच्या जवळच्याच एका गावातल्या शाळेवर होते. गणपतीसाठी औशाला घरी आले होते म्हणून वाचले. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली, सकाळी सायकल काढून ते शाळेच्या गावाकडे निघाले. पुढचं मी इथे लिहीत नाही. त्यांनी लिहिलं आहे, ते मला जमणार नाही. एवढंच सांगतो की त्या प्रकरणाच्या शेवटी २३ नावं आहेत. पहिली ते चौथीच्या हजेरीपटातली.

२००१ मध्ये आण्णांच्या एकसष्टीला भावाने त्या वह्या लातूरच्या एका दुकानात टाइप करून घेतल्या आणि साठ प्रती छापल्या. तेव्हा ते पुस्तक म्हणजे आमच्या घरातला सणच होता. मुखपृष्ठावर औशाचा किल्ला, आत आईचा फोटो. प्रती नातेवाइकांत वाटल्या, संपल्या. आता नातवंडं मोठी झाली, कुणी नांदेडला, कुणी पुण्यात, एक तर कॅनडात, आणि प्रत्येकाला प्रत हवी. दुकान केव्हाच बंद झालं आहे. पण दुकानदाराने तेव्हा एक सीडी दिली होती, ती भावाने देवघरातल्या डब्यात जपून ठेवली होती. मी ती उघडली.

उघडली म्हणजे, उघडली. पण आत मराठी नव्हतं. इंग्रजी अक्षरं, उद्गारचिन्हं, डॉलरच्या खुणा, मध्येच डोक्यावर टिंबं असलेली युरोपातली अक्षरं. चारशे पानी वह्यांचा असा भुगा झालेला बघून पोटात कसंतरी झालं.

कारण साधं आहे. त्या काळात आपल्याकडे बहुतेक डीटीपीची दुकानं ज्या फाँटांवर चालत, त्यांत मराठी ही फक्त दिसण्यापुरती होती. संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरच असायचं, त्या अक्षराच्या जागी चित्र तेवढं देवनागरीचं बसवलेलं. काना एका खुणेवर, वेलांटी दुसऱ्या, पाय मोडलेला त तिसऱ्या. कुठल्या खुणेवर काय, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांतही वेगळं. तो फाँट आहे तोवर मराठी, फाँट गेला की भुगा. उलट रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात, मीही चालवून पाहिले. पण ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते, रफार शेजारच्या घरी जातो, जोडाक्षरं फुटतात. २३ नावांमधली निम्मी नावं ओळखू येईनात. तेव्हा ठरवलं की छापील प्रत समोर ठेवून पुन्हा टाइप करायचं.

त्यासाठी औशाहून आण्णांची स्वतःची प्रत मागवली. त्या नावांच्या पानाशी आलो आणि थांबलो. दुकानदाराने पानं वाचवायला (पानावर पैसे होते, त्याचाही दोष नाही) सगळी नावं एकापुढे एक, मध्ये स्वल्पविराम देऊन एकाच परिच्छेदात घातली होती. किराणा मालाची यादी असते तशी. आणि आण्णांनी प्रत्येक दोन नावांच्या मध्ये लाल पेनाने एक उभी रेघ मारली होती. २२ रेघा. वीस-बावीस वर्षांत याबद्दल ते घरात कुणाशी एक अक्षर बोलले नव्हते.

पुन्हा टाइप करायचं तर कशात, हा प्रश्न मग आपोआप सुटला. नुसतं दिसणं टिपून ठेवणारी फाइल नको होती. "हे नाव आहे", "हे प्रकरणाचं शीर्षक आहे", असं जिच्यात लिहिलेलं असेल आणि जी कुठल्याही यंत्रावर नुसत्या डोळ्यांनी वाचता येईल, अशी हवी होती. ही कल्पना माझी नाही, संगणकाच्या मानाने फार जुनी आहे.

१९६४ साली एमआयटीत जेरोम सॉल्टझर यांनी रनऑफ नावाचा एक प्रोग्रॅम लिहिला. मजकूर साधा टाइप करायचा, आणि जिथे यंत्राला काही सांगायचं तिथे ओळ टिंबाने सुरू करायची. टिंब आणि एक-दोन शब्द. त्याचाच वंश पुढे बेल लॅबमध्ये वाढला. युनिक्सची गोष्ट आपण मोठ्या तोंडाने सांगतो, पण त्या मंडळींना पहिलं चांगलं यंत्र मिळालं ते पेटंट विभागाच्या टंकलेखकांसाठी मजकूर नीट छापून देतो असं कबूल करून! १९७३ मध्ये जो ओसाना यांनी ट्रॉफ लिहिला, तो थेट फोटोटाइपसेटरवर छापायचा. पण ट्रॉफच्या मूळ आज्ञा म्हणजे अगदी बारीकसारीक: इतकी जागा सोड, इतकं आत सरक, टाइप इतका मोठा कर. ते कोण लक्षात ठेवणार? म्हणून माइक लेस्क यांनी त्यावर मॅक्रोंचा एक छोटा संच बांधला. टिंब-पीपी म्हणजे नवा परिच्छेद, टिंब-टीएल म्हणजे शीर्षक, टिंब-एयू म्हणजे लेखकाचं नाव. एवढं पाठ केलं की माणूस शोधनिबंध लिहायला मोकळा. नांदेडला इंजिनिअरिंगला असताना आम्हाला लॅबमध्ये जी माहितीची पानं वाचायला लावत ती याच पद्धतीने लिहिलेली असत, आणि लिनक्सवरची आजही असतात.

मॅक्रो म्हणजे काय हे मला आईला फोनवर समजावून सांगावं लागलं. (ती विचारणारच. तिच्या नवऱ्याच्या पुस्तकाचं काय चाललंय हे तिला कळायला नको?) मी म्हटलं, आई, तू सुनेला सांगतेस ना, "फोडणी दे." दोनच शब्द. त्यात तेल तापवणं आलं, मोहरी तडतडू देणं आलं, जिरं, हिंग, हळद, कशानंतर काय, सगळं आलं. प्रत्येक भाजीला तू ते पुन्हा सांगत बसत नाहीस. आणि आपल्याकडे आधी करडीचं तेल होतं, मग सोयाबीनचं आलं, तेव्हा काय झालं? "फोडणी"चा अर्थ एकदा बदलला, घरातल्या सगळ्या भाज्या बदलल्या. एकाही भाजीची कृती नव्याने लिहावी लागली नाही. आई थोडं थांबून म्हणाली, "करडीच्या तेलाची चव नाही पण त्याला." तो मुद्दा वेगळा, पण मॅक्रो तिला कळला होता.

मी ट्रॉफ घेतला नाही, कारण देवनागरीची जोडाक्षरं त्याच्या आवाक्यातली नाहीत. घेतला तो टेक. त्याची जन्मकथा मला फार आवडते. डोनाल्ड नुथ हे संगणकशास्त्रातलं मोठं नाव. १९७७ साली त्यांच्याच ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं हातात आली आणि ती इतकी वाईट दिसत होती की त्यांनी ठरवलं, छपाईचा प्रोग्रॅम आपणच लिहायचा. एका वर्षाच्या रजेत संपेल असं वाटलेलं काम जवळजवळ दहा वर्षं चाललं. आणि मग त्यांनी तो जगाला फुकट देऊन टाकला. त्याचे आवृत्तीक्रमांकही गमतीचे: दर दुरुस्तीला 'पाय'च्या किमतीतला एकेक दशांश वाढतो, आणि नुथ यांच्या पश्चात तो क्रमांक 'पाय'च राहील, पुढे बदल बंद, असं त्यांनी सांगून ठेवलं आहे. चाळीस वर्षांपूर्वीची टेकची फाइल आज छापायला दिली तरी छापते. देवघरातल्या सीडीचा अनुभव ताजा असल्यामुळे या गोष्टीची किंमत मला जरा जास्तच वाटली.

मराठीचा आणि टेकचा संबंधही नवा नाही. १९९१ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात फ्रान्स वेल्थुइस यांनी टेकसाठी देवनागरी टाइप आणि ती जुळवणारा प्रोग्रॅम केला. पाठोपाठ अविनाश चोपडे यांचं आयट्रान्स आलं. दोन्हींत रोमन लिपीत टाइप करायचं आणि देवनागरी छापून घ्यायची. इंटरनेटवरच्या जुन्या मंडळींनी कितीतरी स्तोत्रं आणि गाणी त्या पद्धतीने उतरवून ठेवली आहेत. लिप्यंतराची ती सवय एवढी रुजली की आजही आपल्यातले कित्येक जण मराठी टाइप करतात ते त्याच वळणाने. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांनी झीटेक काढला आणि ती मधली पायरीच गेली. सरळ युनिकोडमध्ये मराठी लिहा, यंत्रावर असलेला फाँट सांगा, संपलं. आज्ञेचं नावसुद्धा देवनागरीत ठेवता येतं!

इथे खरी मजा सुरू झाली. टाइप करणार कोण? भावाची मुलगी, औशाला असते, बारावी झाली, कॉलेज सुरू व्हायला वेळ होता. पण ती टाइप करणार मोबाइलवर. टेकची प्रत्येक आज्ञा उलट्या तिरक्या रेघेने सुरू होते आणि पुढे महिरपी कंस लागतात. मोबाइलच्या कीबोर्डवर ही दोन्ही चिन्हं तिसऱ्या पडद्यावर, शोधून सापडत नाहीत. ती म्हणाली, "काका, हे माझ्याच्याने होणार नाही." बरोबर होतं तिचं. पण टेकमध्ये आज्ञा कुठल्या चिन्हाने सुरू व्हावी हेही आपल्याला ठरवता येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. मी उलट्या रेघेऐवजी @ घेतला आणि महिरपींऐवजी साधे कंस. शेवटी आमचा नियमांचा कागद एवढाच झाला:

@धडा(शीर्षक)
@गाव(गावाचं नाव)
@बोल(कुणाचं बोलणं)
@नाव(हजेरी क्रमांक)(मुलाचं नाव)

आणि परिच्छेद बदलायचा तर एक ओळ मोकळी. बास. हा कागद तिने फ्रिजवर चिकटवला. रोज संध्याकाळी ती व्हॉट्सॲपवर चार-पाच पानं पाठवायची. मी ती एकाखाली एक चिकटवायचो. शीर्षक किती मोठं, गावाचं नाव ठळक की तिरपं, बोलणं आत सरकवायचं की नाही, हे तिला माहीत नव्हतं आणि माहीत असायची गरजही नव्हती. मलाही शेवटपर्यंत माहीत नव्हतं म्हणा.

आता हे लिहिताना सोपं वाटतंय, पण अडचणी आल्याच. "दुसऱ्या", "तऱ्हा", "वऱ्हाडी" यांतला तो आडवा अर्धा र मोबाइलवर सगळीकडे रफार होऊन आला होता. तिथे मॅक्रो उपयोगाचा नाही, शोधून शोधून बदलावं लागलं. ल आणि श हिंदी वळणाचे येत होते. आण्णांनी उभ्या जन्मात मुलांना गाठीचा श आणि वाटोळा ल गिरवायला लावला, त्यांच्या पुस्तकात दंडाचा ल कसा चालेल? ज्या फाँटात मराठी रूपं असतात त्यात भाषा मराठी आहे असं एकदा सांगितलं की ती येतात. फाइलच्या डोक्यावर एक ओळ घातली, सगळ्या पुस्तकातले ल आणि श सरळ झाले. त्या दिवशी मी चहा दोनदा घेतला.

आणि मग ती नावं.

@नाव ही आज्ञा मी लिहिली तेव्हा तिचं काम एवढंच होतं: प्रत्येक नाव स्वतंत्र ओळीवर, डावीकडे आकडा. पण आकडा कुठला? असल्या पद्धतीचं सगळ्यात मिरवायचं कौतुक म्हणजे यंत्र स्वतःच मोजतं. मध्ये एखादी ओळ घाला, पुढचे सगळे क्रमांक आपोआप सरकतात. एक ते २३, नीटनेटके. वहीत मात्र आण्णांनी प्रत्येकाचा हजेरीपटातला क्रमांक लिहिला होता, इयत्तेप्रमाणे. पुस्तक छापताना दुकानदाराने आकडे गाळले होते. मी दोन्ही प्रकारे पान काढलं. त्यासाठी फक्त @नावचा अर्थ एका ओळीत बदलावा लागतो, नावांना हात लागत नाही. दोन्ही पानं छापून औशाला पाठवली, म्हटलं तुम्ही सांगाल तसं.

चार दिवस फोन नाही. पाचव्या दिवशी आला.

"आकडे माझे ठेव," आण्णा म्हणाले. "एक-दोन-तीन नको."

मी म्हटलं, ठीक आहे.

"तिसरीत बघ, चार आहे, मग सात आहे, मग आठ आहे. दिसलं?"

"दिसलं."

"पाच आणि सहा आहेत. एक गुळखेड्याला दिलीय, एक लातूरला रिक्षा चालवतो. ओळीने आकडे घातलेस तर ते दोघं कुठं गेले मग?"

मला काही बोलता आलं नाही. पुस्तक २००१ ला छापलं तेव्हापासून मी ते पान निदान पाचसात वेळा वाचलं असेन. त्यात वाचलेली मुलंही आहेत, नावं नसलेल्या आकड्यांत, हे छापील पुस्तकात कळायला मार्गच नव्हता. वहीत होतं.

मग त्यांनी आणखी एक सांगितलं. इयत्ता बदलते तिथे शीर्षक नको, नुसती जागा सोड. आणि हे पान उजव्या हाताला येऊ दे, डावीकडचं कोरं ठेव. हे मी फाइलमध्ये घातलं. आता धडे वाढोत, फोटो वाढोत, टाइप मोठा होवो (आईला मोठा टाइप हवा आहे, तिची वेगळी प्रत काढायची आहे), ते पान उजवीकडेच येतं आणि त्याच्या समोर काही येत नाही.

फाँटाबद्दल विचाराल तर आयआयटी मुंबईचा शोभिका वापरतोय, फुकट आहे आणि जोडाक्षरं उभी, जुन्या खिळाछपाईसारखी येतात. आण्णांना तीच वाचायची सवय. ज्यांच्या घरी अशा वह्या ट्रंकेत पडून आहेत (आमच्या आत्याच्या घरी आहेत, मला पक्कं माहीत आहे), त्यांनी मागितली तर डोक्यावरच्या ओळी पाठवीन. पन्नाससुद्धा नाहीत. टाइप करायला घरात एक सुट्टीतलं लेकरू हवं, बस्स.

सगळं पुस्तक मिळून फाइल एका मोबाइल फोटोपेक्षा लहान झाली. ती चार ठिकाणी ठेवली आहे. शिवाय पुस्तक नव्हे, ती फाइलच, @ आणि कंसांसकट, साध्या कागदावर छापून एक गठ्ठा औशाला दिला, वह्यांच्या शेजारी ठेवायला. तो ठेवला गेलेला नाही. भाऊ सांगत होता, आण्णांनी तो अंगणात खुर्चीवर घेऊन लाल पेनाने तपासायला घेतला आहे. अठ्ठावीस पानं झाली. @ ला ते "शेपटीचा अ" म्हणतात, आणि दोन ठिकाणी कंस बंद करायचा राहिला होता तो त्यांनी बंद केला आहे.